मोती चौकातलं स्कॅनिंगचं दुकान

पाटीवर नुसतं ‘झेरॉक्स, लॅमिनेशन’ लिहिलंय, म्हणून दोन वर्षं मी समोरून जायचे पण आत शिरायचे नाही. लॅमिनेशनची मला धास्तीच आहे. जुना कागद एकदा प्लास्टिकात गेला की गेला. त्यात दुसऱ्या एका दुकानात माझा मोडी कागद स्कॅनरच्या, कागद आपोआप ओढणाऱ्या फीडरमध्ये घालून घडीवर फाडला होता.

मी इतिहास शिकवते, संग्रहालयासाठी वस्तूंच्या पाट्या लिहिते आणि सुट्टीत माहितीपट करते. या वेळी साताऱ्यातल्याच एका घरातून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं जुन्या कागदांचं गाठोडं मिळालं, ३७ कागदांचं. शेवटी मोती चौकातल्या या दुकानात गेले.

दुकानदारानं आधी हात धुतले, कोरडे केले, मग गाठ सोडली. हातमोजे घातले नाहीत हे बघून बरं वाटलं, कारण हातमोज्यांतून कागदाची कड बोटांना कळत नाही आणि तिथंच तो फाटतो. रुमालातून जुने फोटो निघाले तेव्हा मात्र त्यानं न सांगता हातमोजे घातले.

पाचव्या कागदाला थांबला. “मॅडम, मागची बाजूबी काढायची का? दोन वळी हायत.”

पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद होती! पत्र लिहिल्यापासून ११ दिवसांनी पोचलेलं. मी तर उत्तर दुसऱ्याच दिवशी गेलं असं धरून माहितीपटातला प्रसंग लिहिला होता.

जुलै २०२४ मध्ये लंडनची वाघनखं इथल्या संग्रहालयात आली तेव्हा रांगेत सगळे नखांबद्दल बोलत होते, मी त्यांच्या पेटीवरच्या मजकुराबद्दल. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी असताना ग्रँट डफला ती मिळाली, हे त्या मजकुरातलं. महाराजांनी वापरलेली हीच, असं ठामपणे सांगता येत नाही, हे खुद्द व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतं. असो.

आता तक्रार. विचारल्याशिवाय ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) जेपेग काढून देतात. आठ इंच रुंद कागदाचे त्यात २४०० पिक्सेल होतात आणि फोर-के व्हिडिओच्या चौकटीला रुंदीत ३८४० लागतात. अक्षराजवळ कॅमेरा नेणं राहिलं बाजूला, पानानं पडदासुद्धा भरत नाही. १२०० डीपीआय सांगा, जेपेगऐवजी तपशील न गमावणारी टिफ फाइल मागा. वेळ लागतो; माझे दोन दिवस गेले, त्यात दोनदा लाइट गेली. पाठपोट कागदाला ४० रुपये. रंग नीट उतरले का ते ताडायची रंगपट्टी त्यांच्याकडे नाही, आपली न्यावी. मापासाठी स्टीलची पट्टी मात्र त्यानंच काढून दिली.

लॅमिनेशनचं मशीन अजून स्कॅनरला खेटूनच आहे. रुमाल त्या टेबलावर ठेवू नका.