स्वतःचं लाइफ जॅकेट: कोलाड, मढे घाट, देवकुंड, सांदण आणि पानशेत, आठ महिन्यांचा अनुभव

३० जून २०२४ चा भुशी धरणाजवळचा व्हिडिओ पुण्यात बहुतेकांनी पाहिला असेल. हडपसरचं एक कुटुंब धबधब्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभं आहे आणि पाणी चढतंय. पाच जण गेले, त्यात लहान मुलं होती. आम्ही धायरीला राहतो. त्या आठवड्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता, कारण आदल्या पावसाळ्यात आम्हीही अशाच एका ओढ्यात मुलाला मध्ये उभं करून फोटो काढले होते. जुलैत मी तीन लाइफ जॅकेटं घेतली. माझं, नवऱ्याचं आणि मुलाचं. तेव्हा तो नववीत होता, वजन ३८ किलो.

आज आठ महिन्यांनी, पाच ठिकाणी नेऊन झाल्यावर लिहितेय. जॅकेटं चांगली निघाली. पण ज्या भीतीपोटी घेतली त्या भीतीवर ती उत्तर नाहीत, हे मला वापरता वापरता कळलं. भुशीसारख्या जागी खडकावरून वाहणारं पाणी फार खोल नसतं, पण ते माणसाला उचलून दगडांवर आपटत खाली नेतं. तिथे तरंगून काय होणार? तिथे पाण्यात न उतरणं एवढाच उपाय आहे.

आधी खरेदीबद्दल. कंपनीचं नाव देत नाही, कारण मॉडेल दरवर्षी बदलतात. काय बघून घ्यायचं ते सांगते. लेबलवर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलोची उचल. ऐकायला कमी वाटतं, पण पाण्यात माणसाचं वजन फारच थोडं उरतं आणि डोकं वर राहायला बहुतेक मोठ्या माणसांना ३ ते ५ किलोचा आधार पुरतो. आमची जॅकेटं ७० न्यूटनची आहेत, नदीच्या खळाळत्या पाण्यासाठी असतात तशी. मात्र ५० आणि ७० न्यूटनची ही जॅकेटं शुद्धीवर असलेल्या, थोडंफार पोहता येणाऱ्या माणसासाठी असतात. बेशुद्ध माणसाला उलटवून त्याचं तोंड वर करण्याची हमी ती देत नाहीत. त्यासाठी मानेमागे कॉलर असलेली १०० न्यूटनची आणि त्यापुढची येतात. दुकानात मला हे कुणीही सांगितलं नाही. घरी आल्यावर लेबलवरचं बारीक अक्षर वाचून कळलं.

माप वयावर नाही, वजनावर आणि छातीच्या घेरावर ठरतं. मुलासाठी "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं घेण्याचा मोह झाला होता. शाळेचा गणवेश आपण तसाच घेतो ना. नवऱ्याने अडवलं आणि ते फार बरं झालं. पहिल्याच रविवारी जवळच्या जलतरण तलावावर परवानगी काढून तिन्ही जॅकेटं घालून उतरलो. सगळे पट्टे आवळायचे आणि दुसऱ्याने खांद्याला धरून जॅकेट वर ओढायचं. ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. माझंच आलं! बाजूचे पट्टे अजून आवळल्यावर बसलं. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस खाली लोंबकळतो, हे तलावात अनुभवलं म्हणून नदीवर घाबरायला झालं नाही.

ऑगस्टमध्ये कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग, म्हणजे रबरी होडीतून खळाळत्या पाण्यातून जायचं. चांदणी चौकातून पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे असा रस्ता. वाटेत मुळशीचं धरण भरलेलं दिसलं तेव्हा मुलाला सांगितलं की आज आपण ज्या पाण्यावर तरंगणार ते हेच. मुळा नदीचं पाणी खरं तर पूर्वेला वाहत भीमेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं. टाटांनी ते मुळशीला अडवून बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला भिऱ्याच्या वीजघरात सोडलं आणि तिथून ते कुंडलिकेत उतरून रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. वीजघर १९२७ चं. त्याआधी जमिनी जाणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता. त्यांची गावं या पाण्याखाली आहेत. उन्हाळ्यातही कुंडलिकेत राफ्टिंग होतं ते याच पाण्यामुळे. वीज तयार झाली की पाणी सुटतं, म्हणून सगळे सकाळी लवकर जमतात.

राफ्टिंगवाल्यांकडे जॅकेटं असतात, मग आपलं कशाला, असं मला तिथे दोघातिघांनी विचारलं. त्यांनी दिलेल्यांपैकी एकाचं बक्कल लागत नव्हतं आणि एका बाईंना त्यांच्या मापाचं मिळालंच नाही, तशाच बसल्या. मी हेल्मेट त्यांचं घेतलं, जॅकेट माझं ठेवलं. संथ टप्प्यावर गाईड लोकांना पाण्यात उड्या मारू देतात. मुलगा उतरला तेव्हा माझा जीव मुठीत होता. गाईडने आधीच सांगून ठेवलं होतं: पाठीवर राहायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर, आणि काहीही झालं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय दगडांच्या फटीत अडकला की मागचं पाणी माणसाला पुढे वाकवून दाबून धरतं. जॅकेट असूनही माणसं अशीच जातात. मुलगा पाठीवर छान तरंगत गेला, जॅकेट जागचं हललं नाही. या एका दिवसासाठीसुद्धा खरेदी वसूल झाली असं मी म्हणेन.

सप्टेंबरात मढे घाट, वेल्ह्याच्या पुढे केळदजवळ. इथे धबधब्यातून दोरावर उतरवतात. मी हौसेने जॅकेट चढवून रांगेत उभी राहिले, तर प्रशिक्षकाने काढायला लावलं. छातीवरचा जाड फोम पुढे आला की कमरेच्या हार्नेसची (दोर जोडायच्या पट्ट्याची) कडी आणि फिगर ऑफ एट, म्हणजे दोर ओवायची आठाच्या आकाराची कडी, डोळ्यांना दिसत नाही. दोर कुठून येतोय, कॅराबिनर (दोर अडकवायचा उघडझाप होणारा हुक) बंद आहे का, हे स्वतःला दिसलंच पाहिजे. तिथे पायथ्याला खोल डोहही नव्हता. मला ते पटलं. डोक्यात हेल्मेट, वरून आणखी एक सुरक्षा दोर आणि शेवाळलेल्या कातळावर घसरत नाहीत असे बूट, एवढंच तिथे कामाचं. जॅकेट दिवसभर गाडीत पडून राहिलं. असं दोरावरून उतरवणाऱ्यांकडे जायचं असेल तर त्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का ते विचारा आणि प्रत्येक माणसाला वेगळा सुरक्षा दोर लावतात का ते स्वतः बघा.

देवकुंड धबधब्यावर मात्र जॅकेटचा खरा धडा मिळाला. पावसाळ्यात रायगड प्रशासनाची बंदी असते, म्हणून आम्ही ऑक्टोबरअखेर गेलो. भिऱ्याहून गावातला वाटाड्या घेतला. धार अजून जोरात होती, खाली हिरवंगार कुंड. मी जॅकेट घालून कडेच्या पाण्यात उतरण्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "ताई, काठाला बसा, पाय सोडा. जाकीट आहे म्हणून धारेखाली नका जाऊ. तिथलं पाणी फेसाळ आहे, ते माणसाला धरत नाही." परत येताना मी यावर बराच विचार केला. धार पडते तिथे पाण्यात हवा मिसळलेली असते. हवा मिसळली की पाणी हलकं होतं आणि हलकं पाणी तरंगवतं कमी. म्हणजे सत्तर न्यूटन हा आकडा साध्या पाण्यातला. फेसात तो तेवढा राहत नाही, आणि पडणारं पाणी वरून खाली ढकलतं ते निराळंच. जॅकेट घालून धबधब्याखाली उभे राहिलेल्यांचे फोटो आपण सगळे बघतो. मी आता ते बघू शकत नाही.

डिसेंबरात सांदण दरी. भंडारदऱ्याजवळ साम्रद गावातून उतरायचं. पावसाळ्यात ही दरी म्हणजे पाण्याची वाट असते, तेव्हा तिथे कुणीही जाऊ नये. पाऊस संपल्यावरही आत दोन ठिकाणी पाणी साचलेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी मला छातीपर्यंत आलं, मुलाला जवळजवळ गळ्यापर्यंत. पाणी इतकं गार की श्वास अडकतो. इथे जॅकेटने दोन कामं केली. मुलगा न घाबरता पार गेला, आणि फोममुळे छाती-पोट उबदार राहिलं. पण पाणी संपल्यावर तासन् तास मोठमोठ्या दगडांवरून उड्या मारत जायचं असतं आणि जॅकेट घातलं की आपलीच पावलं दिसत नाहीत. मी एकदा अशीच पाऊल चुकले, गुडघा फुटला. म्हणून पाणी ओलांडलं की जॅकेट काढून सॅकला बांधायचं. अरुंद जागी बांधलेलं जॅकेट कातळाला घासतं, आमच्या दोन जॅकेटांचं कापड तिथेच विरलं. आत फोम दिसत नाही, तरी बाहेरचा रंग गेला आहे.

आता तक्रार. माझ्या जॅकेटचं पोटावरचं बक्कल नोव्हेंबरातच तडकलं. विक्रेत्याला फोटो पाठवले, तीन वेळा लिहिलं. आधी "कळवतो" आणि मग काहीच नाही. शेवटी रविवार पेठेत बॅगांचं सामान मिळतं तिथून पट्ट्याच्या रुंदीचं, २५ मिलीमीटरचं बक्कल आणलं आणि सांदणला जाण्याआधी तलावात पुन्हा ओढून तपासलं. बक्कल बदलता येतं, कारण पट्टा त्यातून नुसता ओवलेला असतो. शिवण उसवली तर मात्र घरी शिवू नका, ते जॅकेट बाद समजा. दुसरी अडचण अशी की ओले झाले की बाजूचे पट्टे हळूहळू सैल पडतात. दर अर्ध्या तासाने आवळावे लागतात. नवऱ्याच्या जॅकेटलाही हेच होतं, म्हणजे तो दोष एकट्या नगाचा नाही.

फेब्रुवारीत पानशेतच्या बॅकवॉटरला कयाकिंग केलं, म्हणजे छोट्या निमुळत्या होडीतून वल्हवत फिरलो. संथ पाणी, काहीच घडलं नाही, बगलेत काचलं तेवढं. आत बाह्यांचा टी-शर्ट घातला की तेही होत नाही.

गेल्या रविवारी मी एक प्रयोग केला, तो प्रत्येकाने वर्षातून एकदा करावा. प्लास्टिकच्या मोठ्या ड्रममध्ये पाणी भरलं आणि मुलाचे लोखंडी डंबेल जॅकेटला बांधले. लोखंडाचं वजन पाण्यात साधारण आठवा हिस्सा कमी भरतं, हे धरून हिशेब करायचा. साडेसात किलो म्हणजे पाण्यात साडेसहा किलोच्या आसपास. माझं जॅकेट तेवढं घेऊन तरंगलं, जेमतेम, पण तरंगलं. मग नणंदेकडचं जुनं नारिंगी जॅकेट आणलं. त्यावर ५० न्यूटन छापलंय, पण ते कित्येक वर्षं गाडीच्या डिकीत उन्हात आणि सामानाखाली दबलेलं, सहलीला गेलं की त्यावर बसायचं. पाच किलोला ते सरळ तळाशी गेलं. नणंद शेजारीच उभी होती. तिने ते तिथेच कात्रीने कापून टाकलं, कुणी उचलून वापरू नये म्हणून. फोम दाबला की त्यातली हवा जाते आणि बाहेरून जॅकेट तसंच दिसत राहतं. तेव्हा त्यावर बसू नका, गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत टांगून वाळवा.

मुलाचं वजन आता ४४ झालंय. त्याच्या जॅकेटवर ४० किलोपर्यंतच लिहिलंय, त्यामुळे या पावसाळ्याआधी त्याला पुढच्या मापाचं घ्यायचं आहे. जुनं खालच्या मजल्यावरच्या मुलीला होईल. तिलाही आधी तलावात उतरवून खांदे ओढून बघणार आणि मगच देणार.