न्यूयॉर्क टाइम्सचे मृत्युलेख : २०२४ साली गेलेल्या अमेरिकनांची नोंद

एखाद्या वर्षात अमेरिकेने कोणकोणती माणसे गमावली, त्यांनी आयुष्यात नेमके काय केले आणि ती कुठे चुकली, हे पुराव्यानिशी वाचायचे असेल, तर ‘द न्यूयॉर्क टाइम्स’च्या मृत्युलेख विभागाइतकी भरवशाची दुसरी सेवा माझ्या पाहण्यात नाही. हा विभाग रोज चालतो. वर्षअखेरीस त्यातल्या निवडक व्यक्तींची एकत्रित नोंद छायाचित्रांसह प्रसिद्ध होते, आणि या दैनिकाच्या रविवारच्या मासिक-पुरवणीचा डिसेंबरअखेरचा अंक सरत्या वर्षातील दिवंगतांसाठीच राखून ठेवलेला असतो. २०२४ साली गेलेल्या अमेरिकनांविषयीचे लेख सलग वाचल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, केवळ यादी चाळण्यासाठी ही सेवा घेऊ नये, लेख वाचण्यासाठी घ्यावी. आणि लेखांमध्येही आपण कधीच न ऐकलेली नावे आधी वाचावीत.

या लेखांची बांधणी इतक्या वर्षांत फारशी बदललेली नाही, आणि ती न बदलणे हाच तिचा गुण आहे. शीर्षकात नाव, त्या व्यक्तीची ओळख आणि मृत्यूसमयीचे वय. पहिल्या वाक्यात ती व्यक्ती आपल्याला का ठाऊक असावी याचे कारण, मृत्यूचा दिवस आणि ठिकाण. आणि लगोलग मृत्यूची खात्री कोणी दिली व मृत्यूचे कारण काय होते, याची स्पष्ट नोंद. पुढे जन्म, आईवडील, शिक्षण, काम, वाद, अपयश, आणि अखेरीस मागे कोण कोण आहे ते. आपल्याकडच्या श्रद्धांजलीपर लेखनात मृत्यूचे कारण पुष्कळदा ‘अल्पशा आजाराने’ या दोन शब्दांत उरकले जाते आणि गेलेल्या माणसाच्या चुकांचा उल्लेख असभ्य मानला जातो. तिथे मात्र बातमीदारीचे नियम मृत्यूनंतरही सुटत नाहीत. मानसशास्त्रज्ञ असूनही २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे डॅनियल कानेमन २७ मार्च २०२४ रोजी नव्वदाव्या वर्षी वारले, तेव्हा मृत्यूला दुजोरा देणाऱ्या त्यांच्या जोडीदाराने ठिकाण सांगण्यास नकार दिल्याचेही लेखात नमूद केले होते. वर्षभराने एका दुसऱ्या अमेरिकन दैनिकातून उलगडा झाला की, कानेमन यांनी स्वित्झर्लंडमध्ये जाऊन स्वेच्छेने, वैद्यकीय साहाय्याने जीवन संपवले होते. माहिती मिळाली नाही तर ती मिळाली नाही असेच लिहायचे, या एका शिस्तीमुळे तो पहिला लेख आज वाचतानाही खोटा वाटत नाही.

मोठ्या व्यक्तींचे लेख अर्थातच आधीपासून तयार असतात. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या आपल्या गावी, वयाच्या शंभराव्या वर्षी वारले. त्यांच्या मृत्युलेखावर दोन नावे आहेत, आणि त्यांपैकी रॉय रीड हे बातमीदार स्वतः २०१७ मध्येच निवर्तले होते. हा प्रकार अपवादात्मक नाही. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर २०११ साली वारली, तेव्हाही तिच्यावरील लेखाचे मूळ लेखक मेल गसो यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. काहींना ही गोष्ट विचित्र वाटेल, पण मला त्यात गेलेल्या माणसाविषयीचा आदर दिसतो. दक्षिणेकडील राज्यांतली नागरी हक्कांची चळवळ ज्याने प्रत्यक्ष फिरून पाहिली आणि लिहिली, त्या बातमीदाराने कार्टर यांच्या मातीविषयी लिहावे, आणि ते लिखाण तो गेल्यावरही त्याच्याच नावाने छापले जावे, हे योग्यच आहे. घाईत लिहिलेल्या मजकुरात जे हमखास निसटते, ते अशा लेखात सापडते. इराणमध्ये ४४४ दिवस ओलीस राहिलेल्या अमेरिकनांच्या प्रकरणाने आणि महागाईने खचलेला एक राष्ट्राध्यक्ष, आणि पद गेल्यावर नारू रोगाचे निर्मूलन हे आपले काम मानणारा तोच माणूस, अशा दोन्ही बाजू एकमेकींना न झाकता मांडता येतात. १९८६ साली या रोगाचे जगभरात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये माणसांमधील नोंद केवळ १४ रुग्णांची होती. मराठी वाचकाने येथे आणखी एक धागा ध्यानात ठेवावा: कार्टर यांच्या मातोश्री लिलियन यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ‘पीस कोअर’ या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक-संस्थेत नाव नोंदवले, आणि त्या १९६६ ते १९६८ या काळात मुंबईजवळच्या विक्रोळीत परिचारिका म्हणून राबल्या.

तरीही राष्ट्राध्यक्षांसाठी ही सेवा घेण्याचे कारण नाही, कारण त्यांच्याविषयी कुठेही वाचायला मिळते. या विभागाची खरी किंमत मला ९ जून २०२४ या एका तारखेवरून कळली. त्या रविवारी दोन व्यक्ती गेल्या, ज्यांची नावे भारतात फार थोड्यांना ठाऊक असतील.

पहिले रेव्हरंड जेम्स लॉसन. लॉस एंजेलिस येथे पंचाण्णवाव्या वर्षी वारलेले हे मेथडिस्ट धर्मगुरू तरुणपणी कोरियन युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार देऊन तेरा महिने तुरुंगात राहिले, आणि सुटल्यावर १९५३ मध्ये मिशनरी म्हणून थेट नागपूरला आले. हिस्लॉप कॉलेजात ते खेळांचे प्रशिक्षक होते, आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी त्या तीन वर्षांत केला. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांना ‘नागपूर टाइम्स’मध्ये वाचायला मिळाली. अमेरिकेत परतल्यावर फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यांची मार्टिन लूथर किंग यांच्याशी गाठ पडली, आणि किंग यांनी त्यांना विलंब न लावता दक्षिणेत येण्याचा आग्रह केला. नॅशव्हिल शहरात लॉसन यांनी विद्यार्थ्यांचे जे वर्ग घेतले, त्यांत काही जण खुर्च्यांवर शांत बसत आणि बाकीचे त्यांना शिव्या देत, ढकलत, खुर्चीवरून खाली ओढत; मार खाऊनही हात न उचलण्याची ती तालीम होती. डायान नॅश आणि पुढे अमेरिकन संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य झालेले जॉन लुईस हे त्याच वर्गातले विद्यार्थी. फेब्रुवारी १९६० मध्ये हे विद्यार्थी दुकानांतल्या, केवळ गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाण्याच्या काउंटरांवर जाऊन बसले, आणि मे महिन्यात नॅशव्हिलच्या दुकानदारांना ते काउंटर सर्वांना खुले करावे लागले. मधल्या काळात व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले होते. पुढे त्याच विद्यापीठाने त्यांना अध्यापनासाठी परत बोलावले.

लॉसन यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड भाग मात्र मेंफिसचा आहे. १९६८ साली तेथील सफाई कामगारांच्या संपात किंग यांना त्यांनीच बोलावले, आणि ४ एप्रिल रोजी त्याच शहरात किंग यांची हत्या झाली. ज्याने त्या हत्येचा गुन्हा कबूल केला होता, त्या जेम्स अर्ल रे याला लॉसन तुरुंगात भेटत राहिले, आणि १९७८ मध्ये त्याचे तुरुंगातले लग्नही त्यांनीच लावले. अशा माणसाविषयी गौरवपर विशेषणे कितीही रचली तरी ती अपुरी पडतील. घडलेल्या गोष्टी क्रमाने सांगणे हाच त्याला न्याय देण्याचा मार्ग आहे, आणि या विभागाची पद्धत नेमकी तीच आहे. नागपूरच्या महाविद्यालयांतून आणि गांधी अभ्यासकांच्या वर्तुळांत लॉसन यांचे नाव त्या आठवड्यात जितके निघायला हवे होते तितके निघाले नाही, याची मला खंत वाटते.

त्याच दिवशी मिशिगन राज्यात शहाऐंशीव्या वर्षी लिन कॉनवे गेल्या. पुरुष म्हणून जन्माची नोंद झालेल्या या संगणकतज्ज्ञाने स्त्री म्हणून जगण्याचा निर्णय घेतला, तेव्हा १९६८ साली आयबीएमने त्यांना कामावरून काढून टाकले. नवे नाव घेऊन, आधीच्या कामाचा उल्लेख न करता, त्यांनी सगळे अगदी तळापासून सुरू केले. कार्व्हर मीड यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या १९८० सालच्या पाठ्यपुस्तकाने एका चिपवर हजारो ट्रान्झिस्टर मांडण्याचे शास्त्र विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणले. आयबीएमने त्यांची माफी मागितली ती २०२० मध्ये, म्हणजे बावन्न वर्षांनी. आज पुण्यात आणि बंगळुरूत चिप आरेखनाचे काम करणाऱ्या किती मराठी अभियंत्यांना हे नाव माहीत असेल, कोण जाणे. याच जातकुळीतला आणखी एक लेख थॉमस कर्ट्झ यांच्यावरचा आहे. नोव्हेंबरमध्ये शहाण्णवाव्या वर्षी गेलेल्या या गणितज्ञाने जॉन केमेनी यांच्यासह १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात ‘बेसिक’ ही संगणकभाषा घडवली. शाळेच्या संगणकवर्गात ज्यांनी आयुष्यातला पहिला प्रोग्राम बेसिकमध्ये लिहिला, अशी माझ्या पिढीतली पुष्कळ माणसे आहेत, आणि त्यांनी तरी हा लेख वाचायलाच हवा.

एखाद्या मृत्युलेख विभागाची कसोटी पाहायची असेल, तर त्याने बदनाम माणसाविषयी काय लिहिले ते पाहावे. १० एप्रिल २०२४ रोजी ओ. जे. सिम्प्सन गेले. १९७३ च्या हंगामात अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन हजार यार्डांचा टप्पा प्रथमच ओलांडणारा खेळाडू. घटस्फोटित पत्नी आणि तिचा मित्र यांच्या खुनाच्या खटल्यातून १९९५ मध्ये निर्दोष सुटलेला आरोपी. दोनच वर्षांनी दिवाणी न्यायालयाने त्याच मृत्यूंसाठी जबाबदार धरलेला प्रतिवादी. आणि नंतर दरोड्याच्या गुन्ह्यात नऊ वर्षे तुरुंगात काढलेला कैदी. यांतले एकही वाक्य गाळून चालत नाही, आणि एकाही वाक्याला आवाज चढवून चालत नाही. फौजदारी निकाल आणि दिवाणी निकाल यांतला फरक न विसरता हे सारे शांतपणे लिहिणे सोपे नाही. निवाडा वाचकावर सोपवून वस्तुस्थितीची कोणतीही कड न लपवण्याचा हा संयम मला या विभागाचे सर्वांत मोठे व्यावसायिक यश वाटते.

उणिवाही आहेत, आणि त्या मी हातचे न राखता सांगतो. हे लेख अमेरिकन वाचकासाठी लिहिलेले असतात, त्यामुळे बेसबॉलपटू विली मेज यांच्यासारख्या खेळाडूवरचा लेख बेसबॉल न जाणणाऱ्याला अर्धाच कळतो. त्यांचे ६६० होमरन आणि १९५४ च्या अंतिम मालिकेत पाठमोरे धावत घेतलेला झेल यांचे मोल क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला स्वतंत्रपणे शोधून समजून घ्यावे लागते. दुसरी अडचण वर्षअखेरच्या संकलनांची आहे. डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत जाणारी माणसे आधीच छापून तयार झालेल्या अंकात येऊ शकत नाहीत, आणि २०२४ मध्ये तर कार्टर यांच्यासारखे नाव नेमके त्याच दिवसांत आले. म्हणून वर्षाची नोंद पुरी हवी असेल तर जानेवारीचा पहिला आठवडा उलटेपर्यंत थांबावे.

सर्वांत गंभीर उणीव निवडीची आहे, आणि ती या दैनिकाने स्वतःच कबूल केली. १८५१ पासून आपल्या मृत्युलेखांत गोऱ्या पुरुषांचेच प्राबल्य राहिले, आणि आधीच्या दोन वर्षांतही दर पाचांत एकाहून किंचितच अधिक लेख स्त्रियांवर होते, असे मार्च २०१८ मध्ये त्याने छापले आणि राहून गेलेल्या व्यक्तींवर एक नवी लेखमाला सुरू केली. पहिल्याच दिवशीच्या पंधरा स्त्रियांमध्ये कवयित्री सिल्व्हिया प्लाथ, जिच्या पेशींवर जगभरचे संशोधन उभे राहिले ती हेन्रिएटा लॅक्स, आणि १९६९ मध्ये मुंबईत छत्तिसाव्या वर्षी गेलेली आपली मधुबाला होती. जवळजवळ पन्नास वर्षांनी छापलेला मृत्युलेख हा उशीरच, पण तो उशीर झाल्याचे मान्य करून छापला गेला, हे महत्त्वाचे आहे. ही लेखमाला २०२४ मध्येही चालू होती, आणि सरत्या वर्षाची यादी वाचताना तिच्यातले चार लेख सोबत ठेवले, तर यादीत कोण नसेल याचाही विचार आपोआप होतो.

वर्गणीविषयी थोडे. मोजके लेख सोडले तर हे सारे वर्गणीदारांसाठीच आहे, आणि केवळ मृत्युलेखांपुरती वेगळी वर्गणी मिळत नाही; पूर्ण दैनिकाची घ्यावी लागते. ज्याला अमेरिकेच्या राजकारणात वा अन्य बातम्यांत रस नाही, त्याला हा खर्च जड वाटेल. मात्र वर्गणीबरोबर १८५१ पासूनचा जुना संग्रहही उघडतो, ज्यात छापील पाने जशीच्या तशी पाहता येतात. संशोधन करणाऱ्यांना आणि चरित्रलेखकांना एवढ्यावरही वर्गणी वसूल झाल्यासारखी वाटेल. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी पैसे भरण्याआधी आपल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करावी, कारण तिथली अनेक ग्रंथालये आपल्या सभासदांना हे दैनिक विनामूल्य वाचू देतात.