अंगणवाडीतलं ‘पाळणा’ पाळणाघर: घराजवळ काम असेल तर मूल जरूर घाला

केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’ कार्यक्रमाखाली २०२२ पासून राबवल्या जाणाऱ्या ‘पाळणा’ योजनेत काही अंगणवाड्यांना जोडून पाळणाघर चालतं. वय ६ महिने ते ६ वर्षं, एका केंद्रात २५ मुलं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. आधीची योजना नोकरदार आयांपुरती होती, इथे ती अट नाही. सकाळचा नाश्ता, दुपारचं गरम जेवण, संध्याकाळचा खाऊ, झोप, वजन-उंचीची नोंद, लसीकरणावर लक्ष आणि मोठ्या मुलांना शाळेची तयारी, एवढं सगळं त्यात येतं. पौष्टिक खाणं आणि वजनाची नोंद यात खासगी पाळणाघरं फार क्वचित याच्या बरोबरीला येतात.

अडतं ते वेळेवर. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत चार घरची धुणीभांडी करणारीला साडेसात तास बरोबर बसतात. पण नऊ ते सहाची नोकरी आणि जायला एक आणि यायला एक तास प्रवास धरला की अकरा तास होतात. मधले साडेतीन तास शेजारच्या काकूंकडे पैसे देऊन काढावे लागतात, नाहीतर आई कमी पगाराचं अर्ध्या दिवसाचं काम धरते. फी परवडूनही नोकरी सुटते ती अशी. घरकामवालीसाठी पाचपैकी चार गुण, नऊ ते सहा नोकरीवालीसाठी दोनच. तिने आधी मालकाला विचारावं: ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराच्या सोयीचं बंधन आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं.

दुसरी अडचण माणसांची. अंगणवाडीतल्या पाळणाघराची सेविका महिना ५,५०० आणि मदतनीस ३,००० रुपये मानधनावर, अशी योजनेची तरतूद. एवढ्यावर बाई टिकत नाही. ती बदलली की तान्ह्या बाळाला पुन्हा पहिल्यापासून रुळावं लागतं, आठवडाभर रडारड होते.

केंद्र बघायला दुपारी साडेबाराला जा, सकाळी नको. ताई ताटं वाढतेय, मदतनीस एकाचा लंगोट बदलतेय, तेव्हा रांगणारी बाळं कुणाच्या नजरेत आहेत ते पाहा. उंबऱ्याला आडवी फळी आहे का? पाण्याची बादली झाकलेली आहे का? झोपायच्या चटया मोजा, मुलांपेक्षा कमी असतील तर दोघं एकीवर झोपतात आणि खरूज, सर्दी लगेच पसरते. वजनाचा तक्ता मागून घ्या. शेवटची नोंद महिन्याहून जुनी असेल तर बाकीची कामंही कागदावरच असण्याची शक्यता धरा.

नाव घालताना लसीकरणाचं कार्ड न्या आणि बाळाला न्यायला कोण येणार, त्यांची नावं वहीत लिहूनच घरी या. पहिले चार दिवस दोन-दोन तासच ठेवा.