लीप की गिअरवालं? उद्यमनगरच्या नजरेतून

आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर एटीआर हे छोटं विमान उतरतं तेव्हा पंखा उघडा दिसतो. एअरबस ए३२०निओचा पंखा आवरणात असतो, आणि त्यामागचं इंजिन कुठलं हे विमान कंपनी दोनांतून निवडते: सीएफएमचं लीप-१ए किंवा प्रॅट अँड व्हिटनीचं पीडब्ल्यू११००जी.

खरा फरक गिअरचा. मोठा पंखा सावकाश फिरलेला बरा, टर्बाइन, म्हणजे गरम वायूवर फिरून पंख्याला फिरवणारी चाकं, मात्र जोरात फिरायला हवी. लीपमध्ये दोघं एकाच शाफ्टवर, त्यामुळे टर्बाइनला मनाजोगता वेग मिळत नाही. भरपाई म्हणून पंखा फिरवणाऱ्या या कमी दाबाच्या टर्बाइनचे ७ टप्पे (एकामागे एक पात्यांच्या रांगा) लावलेत. प्रॅटने मध्ये साधारण ३ला १ (टर्बाइनचे तीन फेरे, पंख्याचा एक) असा गिअरबॉक्स घातला आणि ३ टप्प्यांत भागवलं. लेथवर बॅक गिअर टाकून चक सावकाश फिरवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पंखा लीपचा ७८ इंची, कार्बन धाग्यांनी विणलेली १८ पाती. प्रॅटचा ८१ इंची, पाती २०.

गिअर म्हटल्यावर झीज आणि ऑइलची शंका पहिली येते. मला पण आली होती. पण प्रॅटचं मोठं दुखणं २०२३ साली निघालं ते भलतीकडेच: धातूच्या पावडरीपासून बनवलेल्या डिस्कमधला दोष. तपासणीसाठी जगभर विमानं उभी राहिली. कास्टिंगमधला ब्लो होल, म्हणजे आत राहिलेली हवेची पोकळी, काय करतो हे शिरोलीच्या फाउंड्रीत कुणालाही विचारा! लीपही धुतल्या तांदळासारखं नाही; उष्ण, धुळीच्या हवेत त्याच्या टर्बाइनची पाती लवकर खराब व्हायची, म्हणून सुधारित पाती काढावी लागली.

रचना म्हणून मला गिअरवालंच आवडतं. पण विमान माझं असतं तर आज लीप घेतलं असतं.