सोळा फुटी प्लास्टिक कनू, सोबत आठ वर्षांचं पोर: सात महिन्यांनंतर

घेतली तेव्हा लिहिणार होते पण म्हटलं आधी वापरू दे नीट. आता सात महिने, पाच ट्रिप झाल्या, त्यातल्या तीन मुक्कामी, फक्त मी आणि लेक. कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट उघडी बोट, आमची तीन थरांच्या पॉलिथिलीन प्लास्टिकची, सोळा फूट, वजन 36 किलो.

आधी चांगलं सांगते. दणकट आहे. खडकांवर घासली, एकदा तर किनाऱ्यावर चक्क आपटली, खाली ओरखडे भरपूर पण चीर एकही नाही. मासे धरायचे असतील तर अजून एक फायदा, ॲल्युमिनियमच्या कनूत पक्कड जरी पडली तरी ठणठण होते, हिच्यात तेवढा आवाज होत नाही.

आता डोकेदुखी. ही बोट दोन मोठ्या माणसांसाठी बनवलीये. मी मागे 58 किलो, पुढे पोरगा 24 किलो, म्हणजे पुढचं टोक वर उचललेलं आणि जरा वारा सुटला की ते गरकन फिरतं, पहिल्या ट्रिपला मी तासभर नुसती सरळ करत बसले होते आणि हा पुढून विचारतोय आई आपण गोल का फिरतोय. मग जड बॅगा सगळ्या पुढे टाकल्या. बॅगा तंबूपाशी उतरवून नुसतं मासे धरायला निघालो की पुढे 20 लिटरचा पाण्याचा कॅन ठेवते, झालं 20 किलो, आणि बोट उलटलीच तरी पाण्यात पाण्याचं ओझं होत नाही. कॅन बांधायचा मात्र, नाहीतर घरंगळतो.

दुसरं म्हणजे उचलणं. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला 400 मीटरची पायवाट होती, नकाशावर किरकोळ वाटली. बोट एक खेप, सामान दोन खेपा, म्हणजे तीनदा जा दोनदा परत या, झाले 2 किलोमीटर! आणि पोराला एका टोकाला एकटं बसवता येत नाही त्यामुळे तोही बिचारा प्रत्येक खेपेला सोबत. तिसऱ्या खेपेला त्याने रस्त्यात बसकण मारली. आता प्लॅन करताना अशा वाटा आधी पाचने गुणते, आणि दुपारी वारा वाढतो म्हणून जेवणाच्या आत तंबू लागेल एवढंच अंतर धरते. केव्हलारची, म्हणजे त्या हलक्या मजबूत धाग्याच्या कापडाची, घ्यायला हवी होती का? खांद्यांना विचारलं तर हो. पण ती अशी खडकावर आपटायला जीव झाला नसता.

मासेमारीचं म्हणाल तर छोट्या बोटीत पोराने गळ भिरकावला की तो कुठे जाईल नेम नाही, एकदा माझ्या टोपीत अडकला. त्या दिवसापासून सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीने दाबून टाकलेत, मासा कधी निसटतो पण बोटातून गळ काढणं सोपं जातं. भिरकावण्याऐवजी दोरी मागे सोडून हळूहळू वल्हवत राहतो, त्याला काम मिळतं मला शांतता. मासा लागला की हा हमखास उभा राहायचा, आता मी नुसतं "बूड!" म्हणते की बसतो.

लाईफ जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघा, कानापर्यंत सरकलं तर मापाचं नाही. आमचं आधीचं तसंच होतं, कंबरेइतक्या पाण्यात मुद्दाम बोट उलटवून बघितली तेव्हा कळलं. थंड पाण्यात पहिलं मिनिट श्वास सावरण्यातच जातं म्हणतात, ते मला तेव्हा पटलं, त्याला तर एक शब्द बोलता येईना. नवीन जॅकेटला पायांमधून पट्टा आहे.

तक्रार एकच, खांद्यावर घ्यायच्या मधल्या आडव्या दांडीचे बोल्ट दोनदा ढिले झाले. पाना सोबत ठेवा. आणि उन्हात ठेवू नका, बूड वाकतं. माझी सावलीत उपडी असते, सध्या खाली पोराने गांडुळांचा डबा लपवलाय.