प्रायमरीत आपला उमेदवार पडला, आता नोव्हेंबरमध्ये काय? चार पर्यायांची तुलना

महाराष्ट्रात तिकीट कापलं गेलं की बंडखोरी इच्छुक उमेदवार करतो. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, मतदारच ठरवतात, आणि तिथे हरलेल्याला नोव्हेंबरमध्ये पुन्हा उभं राहायला बहुतेक राज्यांचे कायदे आडवे येतात. म्हणून तिथली बंडखोरी बहुतेक वेळा मतदाराची असते. एडिसन, डेट्रॉइट किंवा डॅलसमधल्या ज्या मराठी मतदाराचा उमेदवार पडला आहे, त्याच्यापुढे चार पर्याय उरतात: पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला मत देणं, विरोधी पक्षाला देणं, तिसऱ्या पक्षाला किंवा मतपत्रिकेवर स्वतः लिहिलेल्या नावाला देणं, आणि तो रकाना कोरा सोडणं.

आधी गणित. समजा तुमचं मत एरवी डेमोक्रॅटिक उमेदवाराला गेलं असतं. ते कोरं सोडलंत किंवा ग्रीन या लहान तिसऱ्या पक्षाला दिलंत, तर त्याचं मताधिक्य 1 ने घटतं. तेच रिपब्लिकन उमेदवाराला दिलंत तर 2 ने, कारण इकडचं एक कमी झालं आणि तिकडे एक वाढलं. पक्षाला धडा शिकवायला निघालेल्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

2008 आणि 2016

मार्च 2008 मध्ये गॅलपच्या पाहणीत हिलरी क्लिंटन यांच्या 28 टक्के समर्थकांनी सांगितलं होतं, की ओबामांना उमेदवारी मिळाली तर आम्ही रिपब्लिकन पक्षाच्या मॅकेनना मत देऊ. प्रत्यक्षात किती फिरले? मोजण्याच्या पद्धतीनुसार अंदाज साधारण 15 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान येतात. तरीही ओबामा देशभरात सुमारे 7 टक्क्यांच्या फरकाने आणि 365 इलेक्टोरल (राज्यवार ठरणारी) मतं मिळवून जिंकले.

2016 मध्ये प्रायमरीत क्लिंटन यांच्याकडून हरलेल्या बर्नी सँडर्स यांचे तिथले सुमारे 12 टक्के मतदार ट्रम्प यांच्याकडे गेले, असं कोऑपरेटिव्ह काँग्रेशनल इलेक्शन स्टडी या मोठ्या पाहणीतून दिसलं. म्हणजे प्रमाण 2008 पेक्षा कमी. पण विस्कॉन्सिनमध्ये ट्रम्प यांचं मताधिक्य होतं अवघं 22,748, आणि त्याच पाहणीच्या आधारे तिथल्या अशा मतदारांचा अंदाज होता सुमारे 51 हजार. तेव्हा किती टक्के फिरले यापेक्षा कुठे फिरले आणि तिथली लढत किती चुरशीची होती, हे महत्त्वाचं ठरलं. हा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही, हेही ध्यानात ठेवावं. त्याच वर्षी रिपब्लिकन प्रायमरीत जॉन केसिक यांना मत देणाऱ्यांपैकी बरेच जण क्लिंटन यांच्याकडे गेले.

मतदार का फिरतात

सरसकट उत्तर दिलं जातं ते रागाचं. ते अपुरं आहे. फिरलेल्यांपैकी बरेच जण मनाने त्या पक्षात कधी नव्हतेच. वेस्ट व्हर्जिनियात मे 2016 ची डेमोक्रॅटिक प्रायमरी सँडर्स जिंकले, आणि नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना तिथे सुमारे 68 टक्के मतं पडली. तिथल्या असंख्य घरांत मतदारयादीत डेमोक्रॅट म्हणून नोंदणी पिढीजात होती, पण अध्यक्षपदाचं मत त्या पक्षाला देणं त्यांनी 2000 पासूनच सोडत आणलं होतं. सँडर्स यांच्याकडून ट्रम्प यांच्याकडे गेलेल्यांमध्ये ओबामांच्या कारभारावर नाराज असलेले आणि वंशाच्या प्रश्नावर पक्षाच्या भूमिकेशी न जुळणारे लोक जास्त होते. 2008 च्या अभ्यासांतही प्रायमरीतल्या पराभवाच्या सलीपेक्षा इराक युद्धासारख्या प्रश्नांवरचे मतभेद अधिक निर्णायक ठरलेले दिसतात.

राग असतोच, पण तो ओसरतो. क्लिंटन यांनी 7 जून 2008 ला माघार घेऊन ओबामांना पाठिंबा दिला, पुढे डेन्व्हरच्या पक्ष अधिवेशनात ओबामांच्या नावाचा ठराव स्वतः मांडला, आणि मार्चमधली धग बरीच निवली. सँडर्स यांनीही 12 जुलै 2016 ला पाठिंबा जाहीर केला, पण महिनाअखेर पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे ईमेल फुटले. पंच असलेली ही समितीच क्लिंटन यांच्या बाजूची होती ही भावना पक्की झाली आणि समितीच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. पराभव माणूस पचवतो. अन्याय झाला असं वाटलं तर तो विसरत नाही. म्हणून प्रायमरी संपल्याच्या आठवड्यात काहीच ठरवू नये. अधिवेशनं होऊ द्यावीत.

कोणता पर्याय कुणासाठी

कागदावर पाच मुद्दे लिहा: ग्रीन कार्डची रांग, कर, आरोग्य विमा, गर्भपात, परराष्ट्र धोरण, किंवा तुमच्यासाठी जे जिव्हाळ्याचे असतील ते. प्रत्येकापुढे दोनच रकाने ठेवा, पक्षाचा उमेदवार आणि विरोधी उमेदवार. हरलेल्याचा रकाना मुद्दाम वगळा, कारण तो आता मतपत्रिकेवर नाही आणि त्याच्याशी तुलना केली की पक्षाचा उमेदवार नेहमीच तोकडा दिसतो. बहुतेक मुद्द्यांवर पक्षाचा उमेदवार जवळचा निघाला आणि खटकतं ते फक्त व्यक्तिमत्त्व, तर पहिला पर्यायच योग्य. बहुतेक मुद्द्यांवर विरोधी उमेदवार जवळचा वाटला, तर त्याला मत देण्यात गद्दारी कसली? ते तुमचं खरं मत आहे. मात्र केवळ रागापोटी त्याला मत देऊ नका. हा पर्याय सगळ्यात महाग आहे.

तिसरा पर्याय राज्य बघून निवडावा. निकाल ठरल्यासारखा असेल तिथे त्याची झळ कमी. व्हरमाँटमध्ये 2016 ला 18 हजारांवर लोकांनी सँडर्स यांचं नाव हाताने लिहिलं, तरी क्लिंटन तिथे आरामात जिंकल्या. मेनमध्ये अध्यक्षपदासाठीही पसंतीक्रम देता येतो, त्यामुळे पहिली पसंती लहान पक्षाला आणि दुसरी मोठ्या पक्षाला दिली तर मत वाया जात नाही. मिशिगनमध्ये मात्र ट्रम्प यांचं मताधिक्य 10,704 होतं आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना 51 हजारांवर मतं होती. ती सगळी क्लिंटन यांना गेली असती असं नाही, पण काठावरच्या राज्यात काय पणाला लागतं ते यावरून कळतं. नाव लिहिण्याआधी नियम पाहा: अनेक राज्यांत त्या व्यक्तीने आधी अर्ज भरलेला नसेल तर ते मत मोजलंच जात नाही.

कोरा रकाना सगळ्यात दुबळा. मिशिगनमध्येच त्या वर्षी सुमारे 75 हजार मतपत्रिकांवर अध्यक्षपदाचं मत नव्हतं, आणि त्यामागचं कारण कुठल्याही पक्षाला कळलं नाही. तरीही कोरंच सोडायचं असेल तर घरी बसू नका. त्याच मतपत्रिकेवर शेरीफ, न्यायाधीश, स्कूल बोर्ड असतात, आणि एक रकाना रिकामा राहिल्याने बाकीची मतं बाद होत नाहीत.

स्थानिक लढतीत हिशेब बदलतो. न्यूयॉर्क शहरात जून 2025 च्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत झोहरान ममदानी यांच्याकडून हरलेले अँड्र्यू क्युमो नोव्हेंबरमध्ये स्वतंत्रपणे उभे राहिले, आणि त्यांच्या मतदारांना पाचवा पर्याय मिळाला. क्युमो यांना सुमारे 41 टक्के मतं पडली, ममदानी निम्म्याहून किंचित जास्त मतांनी महापौर झाले. तिथे पसंतीक्रम फक्त प्रायमरीत असतो; नोव्हेंबरमध्ये एकच नाव निवडायचं. दुसरं टोक डेट्रॉइटचं. बेळगावचे श्री ठाणेदार 2022 मध्ये अमेरिकी काँग्रेससाठीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सुमारे 28 टक्के मतांवर जिंकले, म्हणजे बहुसंख्यांची पसंती दुसरीच होती, पण नोव्हेंबरमध्ये त्यांना सुमारे 71 टक्के मतं मिळाली. अशा पक्क्या मतदारसंघात नोव्हेंबरची बंडखोरी निष्फळ जाते. खरी लढत प्रायमरीतच असते.

म्हणून पुढच्या प्रायमरीची तयारी आतापासून करा. नोव्हेंबरच्या मताला पक्षनोंदणीचं बंधन नाही, प्रायमरीला अनेक राज्यांत आहे. रागाच्या भरात नोंदणी बदललीत तर परतीची मुदत चुकते: न्यू जर्सीत प्रायमरीच्या 55 दिवस आधी, न्यूयॉर्कमध्ये 14 फेब्रुवारी. टेक्सासमध्ये पक्षनोंदणी नसते, पण एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं की त्या वर्षी दुसऱ्याच्या रनऑफमध्ये, म्हणजे प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत, देता येत नाही. मिशिगनच्या ऑगस्ट प्रायमरीत दोन्ही पक्षांच्या रकान्यांत खुणा केल्यात तर पक्षीय लढतींची मतं बाद होतात.