माझाच सेल्फ मला साडेसहा हजारांना विकला

मे महिन्यातली दुपार. चोपड्याहून कच्ची केळी भरून धुळ्याला निघालो होतो. पारोळा सोडल्यावर हायवेला चहाला थांबलो. परत येऊन चावी फिरवली तर नुसतं 'टक'. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. इंजिन जागचं हललं नाही. पिकअप गच्च भरलेली, धक्का मारायला माणूस नाही, आणि वर उन्हात केळी तापतेय.

शेजारीच गॅरेज होतं. तिथल्या मेकॅनिकने हेडलाईट लावायला सांगितले. लख्ख पेटले. "बॅटरी ओके. सेल्फ जळाला. नवीन टाकावा लागेल." सेल्फ म्हणजे चावी मारली की इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर. मला पटलं, आणि तिथेच माती खाल्ली. दिव्यांचं अर्थिंग (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट) बॉडीवर असतं, सेल्फचं इंजिनवर. दिवे पेटले म्हणून इंजिनचं अर्थिंग चांगलं आहे असं होत नाही. हे मला नंतर कळलं. त्याला मात्र तेव्हाही माहीत असणार.

घासाघीस करून साडेसहा हजारांवर आला. "तुम्ही सावलीत बसा दादा, उन्हात कशाला?" बसलो. तासाभराने हाक आली. चंदेरी रंगाचा चकाचक सेल्फ बसवलेला, चावी फिरवली की गाडी चालू. जुना मागितला तर म्हणे, "त्याचेच पाचशे कमी केले ना तुम्हाला." केळी धुळ्याला पोचवायची घाई, मीही वाद घातला नाही.

तेराव्या दिवशी अमळनेरला, घरासमोरच, पुन्हा 'टक'.

आमच्या गल्लीत एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, आप्पा. त्यांनी सेल्फकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी न्यूट्रलला टाकून, हँडब्रेक ओढून मला चार-पाच वेळा चावी मारायला लावली आणि ॲक्सिलरेटरच्या केबलवर बोट ठेवलं. मग माझं बोट ठेवलं. केबल गरम! "सेल्फ बिघडेल नही शे, भाऊ." इंजिनची अर्थिंगची पट्टी नीट टेकत नसली की सेल्फचा करंट परतीला अशी बारीकसारीक वाट शोधतो, असं त्यांनी समजावलं. नंतर मीटर लावला, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. चावी मारताना तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, आमच्याकडे चारच्या वर. शेवटी जंपर केबलने मायनस सरळ इंजिनला जोडला आणि गाडी घुर्रर्र करून उठली.

टक-टक-टक-टक असं भराभर वाजलं तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघायचं, असं आप्पा म्हणतात. चावी मारताना बॅटरी दहा व्होल्टच्या खाली बसते का, तेही मीटरवर दिसतं. एकच दणदणीत टक असेल तर सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा चुंबकी स्विच, ओढतोय, पण सेल्फला पुरेसा करंट मिळत नाही, नाहीतर सेल्फच अडकलाय किंवा आतून गेलाय. म्हणजे सेल्फ खराब असूही शकतो. पण तो सगळ्यात शेवटी खोलायचा, कारण सगळ्यात महाग तोच.

माझ्या गाडीत ती पट्टी सेल्फच्याच बोल्टखाली आहे. बोल्ट खोलला तर पट्टीखाली गंजाचा थर. गॅरेजवाल्याने सेल्फ काढून परत आवळला तेव्हा पट्टी तेवढ्यापुरती टेकली, म्हणून गाडी चालू झाली. खडखडाटाने पुन्हा सुटली. पॉलिश पेपर मारला, नवीन वॉशर टाकला, दीडशे रुपये.

पण खरं पुढेच आहे. सेल्फ हातात घेऊन आप्पा थांबले. नखाने चंदेरी रंग खरवडला, तर खाली पंचचे तीन ठिपके. गेल्या दिवाळीत कार्बन ब्रश बदलले तेव्हा त्यांनीच मारलेले, ओळखीसाठी. रॉकेलने धुऊन, वर स्प्रे मारून माझाच सेल्फ मला परत बसवला होता!

तसाच पारोळ्याला गेलो. गॅरेजवाल्याने शांतपणे बिल बघायला मागितलं. मी खिशातला चुरगळलेला कच्चा कागद काढला, तो मी तोवर वाचलाच नव्हता. त्यावर लिहिलं होतं: 'सेल्फ काम, 6500'. 'नवीन' हा शब्द कुठेच नव्हता.